कच्चा निळा

"एकोणतीस, तीस."

मास्तरांनी छोटी बाटली हलवणं थांबवलं आणि काचेच्या नळीत घेतलेल्या, माशांच्या टाकीतल्या पाण्यात मोजून दहा थेंब टाकले. तपासणीच्या संचातली ही दुसरी बाटली तीस सेकंद जोर लावून हलवली नाही, तर तळाशी बसलेली पूड वर येत नाही आणि आकडा खोटा, कमी येतो. पुढचंही त्यांना पाठ होतं. नळीला बूच लावून मिनिटभर हलवायची, पाच मिनिटं उभी ठेवायची आणि जो रंग येईल तो कार्डावरच्या रंगांशी ताडायचा. पिवळा आला तर पाणी स्वच्छ. नारिंगी आला तर माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात नायट्रेट साठायला लागलंय, थोडं पाणी बदला. लाल आला तर हातातलं काम टाका आणि आधी पाणी बदला.

गेल्या आठ दिवसांत मास्तरांनी तीनदा पाणी बदललं होतं, दर वेळी निम्मं. माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं होतं. तळातली वाळू नळीनं ओढून साफ केली होती. एवढं केल्यावर कुठल्याही शहाण्या टाकीनं पिवळा नाही तरी फिका नारिंगी रंग दाखवायला हवा होता.

पाच मिनिटं झाली. त्यांनी नळी खिडकीशी धरली, डावा डोळा मिटला आणि उजव्यानं पाहिलं. चहासारखा काहीतरी रंग होता. कार्डावरचा चाळीसचा चौकोनही चहासारखाच आणि ऐंशीचाही. मग उजवा मिटला आणि डाव्यानं पाहिलं. नळी लालभडक होती.

चौतीस वर्षं कापडगिरणीच्या रंगखात्यात डाईंग मास्तर म्हणून काढलेल्या माणसाला हा अपमान फार झोंबला. घरच्या लोकांनाही त्यांचं नाव आठवावं लागे, इतकं ते 'मास्तर' झाले होते. दोन ताग्यांच्या रंगातला केसाएवढा फरक ते चालता चालता सांगत. आणि आता हे असं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून नऊ दिवस झाले होते, उजव्याचा अजून तसाच होता. एका डोक्यात दोन मास्तर बसले होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

"बाबा, पुन्हा बादली उचललीत?"

सूनबाई दारात उभी होती. खांद्यावर तीन महिन्यांची नात, हातात स्वयंपाकघरातलं घड्याळ. ती मोजणीदाराच्या कचेरीत नकाशे काढायची, सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. रेघ केसभर हलली तरी तिला चालत नसे. बाळासाठी पाणी उकळायचं ते वीस मिनिटं म्हणजे वीसच मिनिटं. एकोणीस झाली असताना कुणी गॅस बंद केला तर त्याची काही खैर नव्हती.

"उचलली नाही. मगानं ओतलं."

"आणि बादली आपली चालत आली टाकीपाशी."

"ओढली. ओढणं वेगळं."

"डॉक्टरांनी वाकू नका सांगितलंय. डोळा फुटला म्हणजे कळेल." बोलता बोलता तिनं बाळाला खांद्यावरून हातावर घेतलं. बाळ किरकिरलं, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "रात्रभर हेच चाललंय. बाटली अर्धी पितेय आणि सोडून देतेय."

मास्तर जवळ आले. डाव्या डोळ्यानं त्यांनी नातीकडे पाहिलं.

"अगं, हिचे ओठ निळसर दिसतात."

सूनबाई थकली होती, तरी हसली. "परवा भिंत निळी दिसत होती. काल दूध निळं. आज बाळ."

"हे तसं नाही."

"तसंच आहे, बाबा. ऑपरेशननंतर काही दिवस सगळं निळं दिसतं, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. आणि परवाच हिला दवाखान्यात दाखवलंय. पोटात गॅस आहे म्हणाले, झालं."

"तिथे ट्यूबलाइट होती. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नसतो."

"माझी पोर म्हणजे कापड नाही हो."

मास्तरांनी डावा डोळा मिटून पाहिलं. जुन्या डोळ्याला नात छान उबदार, गव्हाळ दिसली. ठणठणीत. पुन्हा डावा उघडला तर राखेचा हात फिरवल्यासारखी दिसली. त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा वीजकेंद्रात पाळीवर होता, मागे यंत्रांचा आवाज होता.

"बाबा, तुम्ही तिला घाबरवू नका. ती आधीच झोपेविना आहे. तुम्हाला चार दिवस सगळं निळं दिसणार आहे, तुम्ही तुमचे मासे बघा."

मास्तरांनी फोन ठेवला. मासे बघा म्हणे. ठीक आहे. निदान माशांच्या बाबतीत तरी कोणता डोळा खरा, एवढं समजायला हवं होतं, आणि त्यासाठी तिसरा डोळा लागणार होता. त्यांनी टाकीतलं पाणी एका बरणीत भरलं, काळा चष्मा चढवला आणि पिशवी उचलली. सूनबाईनं मागून हाक मारून प्यायच्या पाण्याची बाटली पिशवीत कोंबली. रागावली तरी ती हे विसरायची नाही.

"उकळलेलंच आहे. बाहेरचं पिऊ नका."

माशांचं दुकान बसनं तीन थांब्यांवर होतं. दुकानदारीणबाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. मास्तर त्यांचं नऊ वर्षांचं गिऱ्हाईक. बरणी पाहताच त्यांनी ओळखलं.

"कोण आजारी? तो बुटका सोनेरी?"

"मासे मजेत आहेत. माझे डोळे भांडतायत. तुम्ही बघून सांगा."

बाईंनी थेंब टाकले, बाटल्या हलवल्या, पाच मिनिटं दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला जाळी दाखवली आणि परत येऊन नळी पांढऱ्या कागदावर धरली.

"ऐंशी. सरळ ऐंशी आहे, मास्तर. पाणी बदलता की नाही?"

"आठ दिवसांत तीनदा. निम्मं निम्मं."

बाईंचा हात थांबला. "तीनदा? मग हे उतरायला हवं होतं. बदलीचं पाणी कुठलं?"

"आमच्या मागच्या विहिरीचं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, माशांना सोसत नाही. म्हणून नऊ वर्षं विहिरीचंच."

"ते तपासलंत कधी?"

नऊ वर्षांत त्यांनी टाकीतलं पाणी शेकडो वेळा तपासलं होतं. विहिरीचं एकदाही नाही. आणि हा तोच माणूस होता, ज्यानं रंगखात्यात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. आधी पाणी तपास, मग रंगाला हात लाव. रंग बिघडला की सगळे रंगाला दोष देतात, मिठाला देतात, कापडाला देतात, आणि दोष असतो पाण्यात.

"तुमच्याकडे आहे का ते पाणी?" बाईंनी विचारलं.

"हे प्यायचं आहे. विहिरीचंच, उकळलेलं."

बाईंनी सूनबाईच्या बाटलीतलं पाणी नव्या नळीत घेतलं. या वेळी पाच मिनिटं वाट पाहावी लागली नाही. दोन मिनिटांतच नळी टाकीच्या नळीपेक्षा गडद झाली. कार्डावरच्या शेवटच्या चौकोनाकडे निघाली होती.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "टाकीत निदान वनस्पती आहेत, त्या थोडं खातात. तुम्ही मासे धुवायला लाल पाणी ओतताय, मास्तर. विहिरीच्या आसपास काय आहे?"

"मागे दोन वर्षांत सात घरं झाली." बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. "सातांचे सात संडासाचे शोषखड्डे."

"मोठ्या माणसाला एवढ्यानं काही लगेच होत नाही. पण घरात कुणी तान्हं नाही ना? बाटलीवरचं?"

मास्तरांनी काउंटरची कड धरली.

"आमच्या एक डॉक्टरीणबाई गिऱ्हाईक आहेत, त्यांनी सांगितलं होतं," बाई घाईनं म्हणाल्या. "अशा पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्याला द्यायचं नाही. रक्त बिघडतं. मूल निळं पडतं."

"ती वीस मिनिटं उकळते. घड्याळ लावून."

"उकळून जंतू मरतात. हे नाही जात. पाणी वाफ होऊन उडतं आणि हे खाली राहतं. उलट घट्ट होतं."

हे तर मास्तरांना सांगायची गरजच नव्हती. रंगाची कढई जास्त उकळली की रंग घट्ट होतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. बाळ झोपलं की सूनबाई फोनचा आवाज बंद करते. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुकानातलं घड्याळ अकराला वीस कमी दाखवत होतं. नातीची पुढची बाटली अकराला. आणि सूनबाईचे अकरा म्हणजे अकरा.

बस आली नाही. मास्तरांनी हात करून एक टॅक्सी थांबवली. तीन सिग्नल लागले. प्रत्येक सिग्नलला ते फोन लावत होते आणि प्रत्येक वेळी तीच घंटी ऐकत होते. आणि त्या घंटीमागे त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येत होता. आईचं दूध पुरेना, डब्याचं दूध सुरू करायचं ठरलं, तेव्हा सूनबाई नळाचं पाणी उकळायला घेत होती. मास्तरच म्हणाले होते, "नळाचं कशाला? औषध मारलेलं. विहिरीचं घे. माझे मासे नऊ वर्षं त्याच्यावर जगलेत." किती तोऱ्यात म्हणाले होते. टॅक्सीच्या खिडकीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांसमोर तो लाल रंग तसाच होता.

ते घरात शिरले तेव्हा सूनबाई खुर्चीत बसली होती आणि बाटली बाळाच्या ओठांना लागली होती.

"थांब! देऊ नकोस ते."

"बाबा, हळू! आत्ता कुठे तोंड लावतेय."

मास्तरांनी बाटली हातातून काढून घेतली. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं. सूनबाई उठून उभी राहिली, रागानं तिला रडू फुटायचं बाकी होतं.

"काय चाललंय तुमचं? सकाळपासून ओठ निळे, ओठ निळे. मला नाही दिसत निळे! मी आई आहे तिची, मला दिसलं नसतं?"

"तुला दिसणार नाही," मास्तर म्हणाले. धाप लागली होती, तरी आवाज त्यांनी खाली आणला. "तू दिवसरात्र तिलाच बघतेस. रोज थोडा थोडा बदललेला रंग रोज बघणाऱ्याला दिसत नाही. माझ्या डोळ्यावरही विश्वास ठेवू नकोस. इकडे ये. उत्तरेच्या खिडकीत."

का कोण जाणे, पण ती गेली. कदाचित त्या आवाजामुळे. मुकादमापासून मालकापर्यंत सगळे ज्या आवाजाला थांबत, तो आवाज त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बाहेर काढला होता. मास्तरांनी पांढरा टॉवेल खिडकीच्या कट्ट्यावर पसरला. बाळाचं पाऊल अलगद त्यावर ठेवलं.

"आता तुझा हात ठेव बाजूला. चिकटून. नखाला नख."

"यानं काय होणार?"

"एकटा रंग कधीच बघायचा नसतो. जोडी लावून बघायचा. डोळा खोटं बोलत असला, तरी दोन्हीबद्दल सारखंच खोटं बोलतो. मग फरक राहतो, तो खरा असतो."

सूनबाईनं आपली बोटं बाळाच्या बोटांशेजारी टेकवली. मास्तर बाजूला सरले. रंगखात्यातही ते अशा वेळी बोलत नसत, समोरच्याला त्याचं त्यालाच दिसू देत. तिची नखं गुलाबी होती. बाळाची पाटीच्या रंगाची होती.

तिनं बाळाला टॉवेलसकट उचललं आणि चपला न घालताच दाराकडे धावली. भाडं न दिलेली टॅक्सी अजून खालीच होती.

इस्पितळात तरुण डॉक्टरांनी आधी नाकाशी प्राणवायूची नळी लावली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. रंग हलेना. सूनबाई पलंगाची दांडी धरून उभी होती, तिचे पाय अनवाणी होते आणि कुणाच्याच ते लक्षात येत नव्हतं. मास्तरांनी पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि सगळं सांगितलं. टाकी, विहीर, लाल नळी. आपण वेडे ठरू याची त्यांना आता भीती वाटत नव्हती.

डॉक्टरांनी मध्येच अडवलं नाही. ऐकून घेतलं, बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब काढला आणि पांढऱ्या कागदावर टेकवला. मग सूनबाईचं बोट टोचून तिचा थेंब त्याच्या शेजारी ठेवला. जोडी लावून. आईचा थेंब लाल होता. लेकीचा तपकिरी होता, चॉकलेटचा. कागद वाऱ्यावर धरला तरी तो तपकिरीच राहिला.

"तुमचं बरोबर आहे, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "या रक्ताला प्राणवायू उचलता येत नाहीये. कितीही दिला तरी उपयोग नाही. औषध आहे त्याच्यावर, लगेच देतो."

परिचारिकेनं आणलेल्या इंजेक्शनच्या नळीतलं औषध पाहून मास्तर खुर्चीतून उठले. गडद, शाईसारखं निळं.

"हा मिथिलीन ब्लू आहे का?"

डॉक्टरांनी चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"हा रंग आहे. आम्ही वापरायचो."

"रंगच आहे," डॉक्टर म्हणाले आणि सावकाश, फार सावकाश तो निळा रंग त्या एवढ्याशा शिरेत सोडायला लागले.

पुढचा पाऊण तास कसा गेला ते मास्तरांना नीट सांगता आलं नसतं. मुलगा मध्येच वीजकेंद्राच्या कपड्यांत धावत आला आणि दाराशी उभा राहिला. मास्तरांनी उजवा डोळा हातानं झाकला होता आणि डाव्यानं ते नातीच्या ओठांकडे एकटक बघत होते. आयुष्यात इतके रंग चढताना पाहिले, एवढ्या भीतीनं एकही पाहिला नव्हता. राखाडी विरळ झाला. मग कडेनं, खालच्या ओठाच्या कडेनं, जरासा गुलाबी आला. सूनबाईनं आपलं बोट नेऊन त्या ओठाशेजारी धरलं. तिनं मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. आणि मग ती रडली.

डॉक्टरांनी कागद भरताना विचारलं, "विहिरीचं पाणी द्यायचं कुणी ठरवलं?"

सूनबाईनं तोंड उघडलं. तिच्या आधी मास्तर बोलले.

"मी. ती नळाचं देत होती. मीच बदलायला लावलं."

मुलानं बापाकडे पाहिलं आणि नजर वळवली. सूनबाई काहीच म्हणाली नाही. मास्तरांना वाटलं, काहीतरी म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी बाळ घरी आलं. भूक अशी लागली होती की बाटलीला उसंत देईना. पाणी आता नळाचं होतं आणि उकळण्याआधी मास्तर ते नळीत घालून तपासत. पिवळा. विहिरीच्या पंपाची वायर मुलानं काढून टाकली होती आणि मागच्या सातही घरांना जाऊन सांगून आला होता. मासे मात्र मजेत होते. बुटका सोनेरी काचेशी तोंड लावून खाणं मागत होता, जसं काही झालंच नाही. मास्तरांना त्याच्याकडे बघवेना.

"दुकानदारीणबाईंना देऊन टाकतो हे सगळे," ते म्हणाले.

सूनबाईनं खाण्याचा डबा उघडला, चिमूटभर खाणं टाकीत टाकलं आणि घड्याळात वेळ पाहून डबा बंद केला.

मग ती न्हाणीघरातून तीन लंगोट घेऊन आली. तिन्हींवर निळे-हिरवे डाग होते. औषध शरीरातून बाहेर पडताना असंच पडतं, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. इस्पितळातल्या त्या कागदानंतर ती पहिल्यांदाच त्यांना काही विचारायला आली होती. "हा डाग जाईल का?"

मास्तरांनी लंगोट हातात घेतले. खिडकीत गेले. एक कापड बोटांत धरून ताणलं, आतून बाहेरून पाहिलं.

"जाईल. हा सुतावर टिकत नाही. कच्चा रंग आहे."

"नक्की?"

"धुऊन उन्हात टाकला की झालं. आण, मी धुतो."

"वाकायचं नाही तुम्ही."

"वाकत नाही. बादली स्टुलावर ठेव."

तिनं बादली स्टुलावर ठेवली, नळाचं पाणी भरलं आणि बाळाकडे गेली. मास्तरांनी उभ्या उभ्या तिन्ही लंगोट साबण लावून चोळले, तीनदा पाणी बदलून खळबळले आणि गच्चीत दोरीवर टाकले. दुपारभर ऊन कडक होतं. चार वाजता ते काढायला गेले. दोन पांढरेशुभ्र निघाले होते. तिसरा त्यांनी पहिल्या दोन्हींवर ठेवून पाहिला. उजव्या डोळ्याला तिन्ही सारखेच दिसत होते. डाव्या डोळ्याला तिसऱ्यावर अजून एक फिकट निळी सावली होती, बोटभर.

मग त्यांनी पहिल्या दोन्हींच्या घड्या घातल्या आणि तिसरा पुन्हा पाण्यात टाकला.